थंड पाण्याचा हिशेब

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, “तू तिकडे नेमकं काय करतेस ते सांग, पण आम्हाला कळेल असं सांग.” हीच तक्रार माझ्या आईचीही होती. “धरणावर कामाला आहे म्हणतेस आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतेस, मग पाणी सोडतं कोण?” असं ती विचारायची. पाणी सोडणारे लोक वेगळे असतात, आई. मी फक्त पाणी सोडलं तर पुढे काय होईल याचा हिशेब करते. एवढं सांगून मी आजवर सुटका करून घेत आले. आज अर्धा तास दिलाय तुम्ही, तर जरा नीट सांगते.

मला हा विषय इथे बोलायला आवडतोय त्याला एक कारण आहे. आपल्या वर्गात निम्मी मुलं उजनीच्या कालव्याचं पाणी मिळालेल्या घरांतली होती आणि निम्मी उजनीत जमीन गेलेल्या घरांतली. मी दुसऱ्यांपैकी. एका बाकावर दोघी बसायचो, डबा एकत्र खायचो, आणि धरणाविषयी मात्र दोघींच्या घरी अगदी उलटं बोललं जायचं. पुढे मी जिथे जिथे धरणाच्या बैठकीला बसले, तिथे मला तो बाक आठवला.

माझं काम आहे कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यात. त्या नदीवर उत्तरेला शास्ता नावाचं धरण आहे. १९४५ मध्ये पुरं झालं. उंची १८३ मीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर पूर्ण भरलं की सुमारे १९८ टीएमसी; म्हणजे आपल्या ११७ टीएमसीच्या उजनीच्या साधारण पावणेदोन पट. तिथेही पावसाळा चारच महिन्यांचा, फक्त तो हिवाळ्यात येतो. मे ते ऑक्टोबर कोरडा ठणठणीत. जुलैत धरणाखालच्या रेडिंग गावात पारा चाळिशीच्या वर जातो. त्यामुळे हिवाळ्यात साठवा आणि उन्हाळ्यात सोडा, हा खेळ आपल्यासारखाच. खाली भातशेती आहे, बदामाच्या बागा आहेत, शहरं आहेत, आणि शेवटी खाडीचं खारं पाणी आत घुसू नये म्हणून नदीत सोडावं लागणारं पाणी आहे.

आणि एक मासा आहे.

त्याचं नाव चिनूक सॅमन. हा मासा गोड्या पाण्यात जन्मतो, पिल्लू असतानाच वाहत समुद्रात जातो, तिथे वाढतो, आणि बहुतेक तीन वर्षांनी आपल्या जन्माच्या नदीत परत येतो. नदीच्या तळाच्या गोट्यांत मादी शेपटीने खड्डा करते, काही हजार अंडी घालते, वर पुन्हा गोटे सारते. नर-मादी दोघंही तिथेच मरतात. सॅक्रामेंटोत या माशाचे चार कळप आहेत, वर्षातल्या वेगवेगळ्या वेळी वर येणारे. त्यातला एक हिवाळ्यात समुद्रातून आत शिरतो, म्हणून त्याला हिवाळी कळप म्हणतात. पण अंडी घालतो तो ऐन उन्हाळ्यात, मे ते ऑगस्ट. चाळीस अंशांच्या उन्हात अंडी घालणारा थंड पाण्याचा मासा! हा वेडेपणा वाटेल. पण पूर्वी हे मासे थेट डोंगरात जायचे, मॅकक्लाउडसारख्या नद्यांत. तिथे ज्वालामुखीच्या खडकातून झरे फुटतात आणि भर उन्हाळ्यातही पाणी बर्फासारखं असतं. म्हणजे त्याच्यापुरतं वेळापत्रक अगदी बिनचूक होतं.

मग धरण झालं आणि वाट बंद झाली. शास्ताच्या खाली केसविक नावाचं दुसरं लहान धरण १९५० मध्ये झालं. आता मासा तिथवरच येतो. १९६९ मध्ये हिवाळी कळपाचे एक लाखाच्या वर मासे आले होते. १९९१ मध्ये दोनशेसुद्धा आले नाहीत. १९९४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्याला नामशेष होण्याच्या मार्गावरची जात म्हणून जाहीर केलं.

आता गंमत बघा. ज्या धरणाने या माशाची वाट अडवली, त्याच धरणाच्या तळातल्या पाण्यावर तो आज जगतो. हे कसं, ते कळायला विज्ञानाचा तास आठवा. सर इथे पहिल्या रांगेत आहेत. सर, तुम्ही चंचुपात्राच्या तळाला पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून खालून दिवा लावला होता आणि जांभळी रेघ वर चढताना दाखवली होती. गरम पाणी हलकं, ते वर जातं. आणि वरून तापवलं तर? वरचं वरच राहतं, खालचं थंडच. ज्यांनी पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकून घेतलंय त्यांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. मे महिन्यात वर पाणी कोमट असतं आणि दोन पुरुष खाली बुडी मारली की पाय बधिर होतात.

शास्ता ही तशीच एक प्रचंड विहीर आहे. हिवाळ्यात सगळं पाणी थंड होऊन मिसळतं. वसंतापासून वरचा थर तापायला लागतो आणि खाली थंड पाण्याचा साठा अडकून राहतो. तो साठा मर्यादित असतो. पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्यात नवीन भर पडत नाही. आमच्या धंद्यात त्याला थंड पाण्याची गंगाजळीच समजतात. अंडी जगवायची तर जून ते ऑक्टोबर रोज त्यातलं थोडं थोडं नदीत जायला हवं, आणि ते शेवटपर्यंत पुरायला हवं.

सुरुवातीला त्यासाठी वीजघर टाळून खालच्या दरवाजांतून पाणी सोडायचे. हे १९८७ पासून सुरू झालं, म्हणजे आपण इथे दहावीचे पेपर देत होतो त्या वर्षी. पाणी थंड मिळायचं, पण तेवढी वीज बुडायची. मग १९९७ मध्ये धरणाच्या आतल्या अंगाला एक भलीमोठी पोलादी चौकट बसवली. सुमारे आठ कोटी डॉलर खर्च आला. तिला वेगवेगळ्या उंचीवर दारं आहेत. हवं त्या थराचं पाणी घ्यायचं आणि ते वीजघरातूनच सोडायचं. वसंतात वरचं दार, उन्हाळा चढेल तसं खालचं. कल्पना फार सुंदर आहे. चौकटीच्या फटींतून नको असलेल्या थराचं पाणीही शिरतं हा भाग वेगळा; पण फटी नसलेलं दार मी तरी कुठल्या धरणावर पाहिलेलं नाही.

मग माझं काम कुठे येतं? कुठलं दार कधी उघडायचं आणि किती पाणी सोडायचं, हे आज ठरवताना सप्टेंबरमध्ये काय होईल ते माहीत असायला हवं. ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून मॉडेल.

मॉडेल म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी गूढ. मुळात तो घरातला जमाखर्च आहे. कालची शिल्लक, अधिक आलेलं पाणी, वजा सोडलेलं पाणी, वजा बाष्पीभवन, बरोबर आजची शिल्लक. माझी आजी हा हिशेब ज्वारीच्या कणगीवर करायची. यंदा किती पोती, खाणारी तोंडं किती, बियाण्याला किती बाजूला. अवघड असतं ते पुढे. कुणाला आधी द्यायचं? पूर आला तर जागा मोकळी हवी म्हणून हिवाळ्यात धरण किती रिकामं ठेवायचं? कॅलिफोर्नियात यासाठी कॅलसिम नावाचं मॉडेल वापरतात. त्याच्या अनेक वर्षं वापरात असलेल्या आवृत्तीत १९२२ ते २००३ अशी ८२ वर्षांची नदी घातलेली आहे, महिन्यामागून महिना. आजची धरणं, आजची मागणी धरायची, आणि ती ८२ वर्षं पुन्हा वाहू द्यायची. १९२० च्या दशकात धरणच नव्हतं. पण असतं तर त्या दुष्काळात काय झालं असतं, हे बघता येतं.

प्रत्येक महिन्याला मॉडेल पाणी वाटतं, आणि ते वाटतं आम्ही दिलेल्या वजनांनुसार. याला इतकं वजन, त्याला तितकं. ही वजनं कुठल्या झाडाला लागत नाहीत. त्यांच्यामागे कायदे असतात, करार असतात, कोर्टाचे निकाल असतात, जुने हक्क असतात. उदाहरणार्थ, सॅक्रामेंटोकाठच्या भातवाल्यांचे नदीवरचे हक्क धरणाच्याही आधीचे. त्यामुळे दुष्काळी वर्षीसुद्धा करारानुसार त्यांना ७५ टक्के पाणी द्यायचं, आणि दक्षिणेकडच्या बागायतदारांच्या वाट्याला त्याच वर्षी शून्य येऊ शकतं. २०१४ आणि २०१५ मध्ये शून्यच आलं. मॉडेलच्या पडद्यावर हे सगळं अगदी निमूटपणे दिसतं. बैठकीत मात्र खुर्च्या सरकतात.

माझं स्वतःचं काम होतं तापमानाचं. कॅलसिममधून महिन्याचा विसर्ग घ्यायचा, तो तापमानाच्या दुसऱ्या मॉडेलला द्यायचा. ते तळ्याचे आडवे थर पाडतं, प्रत्येक थर किती तापला ते काढतं, दारं उघडतं-मिटतं, आणि खाली नदीत अमुक ठिकाणी पाणी किती अंश असेल ते सांगतं. तिथे एक रेघ होती, ५६ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले १३.३. दिवसाची सरासरी त्या रेघेखाली राहिली की अंडी सुरक्षित, असं धरलं जायचं. ही रेघ १९९० पासून नियमात होती. मी शेकडो आलेखांवर ती तांबड्या रंगात ओढली असेल. माझ्या तेव्हाच्या ऑफिसात तिच्याविषयी कुणी प्रश्न विचारला नाही. मीही नाही. आलेख रेघेखाली दिसला की अहवालात “मर्यादेत” असं लिहायचं आणि पुढच्या पानावर जायचं.

मग २०१४ आलं. दुष्काळाचं तिसरं वर्ष. धरणात पाणी कमी, म्हणजे थंड पाणीही कमी. वसंतात आणि उन्हाळ्यात खाली पाणी द्यावं लागलं ते द्यावं लागलं. सप्टेंबरमध्ये थंड साठा संपला. अंडी अजून गोट्यांत होती. त्या महिन्याच्या अखेरीस धरणात जेमतेम ५० टीएमसी राहिलं होतं, चौथा हिस्सा. खाली रेड ब्लफजवळ पिल्लं जाळ्यात धरून मोजतात. एरवी शंभर अंड्यांमागे साधारण पंचवीस पिल्लं तिथवर पोहोचतात. त्या वर्षी पाच-सहा पोहोचली.

२०१५ मध्ये सगळ्यांनी ठरवलं की असं पुन्हा होऊ द्यायचं नाही. आणि वसंतात लक्षात आलं की तळ्याचं तापमान मोजणारं उपकरणच चुकीचा आकडा दाखवत होतं. पाणी समजलं होतं त्यापेक्षा गरम होतं. सगळा बेत मोडून घाईने नवा आखावा लागला, विसर्ग कमी करावा लागला, शेतकऱ्यांची पाळी मागे सरकली. एवढं करूनही पिल्लं पोहोचली शंभराला चार.

तीन वर्षांचं आयुष्य असलेल्या माशाच्या दोन पिढ्या लागोपाठ गेल्या. तिसरं वर्ष हुकलं असतं तर परत यायला कुणी उरलंच नसतं.

मला आजवर झोंबत राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. २०१४ चं तापमान आमच्या गणितात घालून अंडी किती मरायला हवी होती ते काढलं, तर आकडा फारच कमी यायचा. पाणी रेघेच्या वर गेलं होतं हे खरं, पण आमच्या सूत्राप्रमाणे त्याने एवढा संहार व्हायला नको होता. हे सूत्र काही कुणी बसल्या जागी रचलेलं नव्हतं. प्रयोगशाळेत अंडी वेगवेगळ्या तापमानाला ठेवून, मोजून काढलेलं होतं. मग चूक कुठे?

उत्तर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांच्या एका गटाने दिलं. अंड्याला नाक नाही, कल्ले नाहीत. त्याला प्राणवायू मिळतो तो सभोवतालच्या पाण्यातून पापुद्र्यातून झिरपून. पाणी वाहतं असेल तर अंड्याभोवती सतत नवा प्राणवायू येतो. संथ असेल तर अंड्याभोवतीचा संपतो आणि नवा हळू येतो. पाणी जसं तापतं तशी अंड्याची भूक वाढते. प्रयोगशाळेत अंड्यांवरून पाणी भरपूर वेगाने खेळवलेलं असतं. नदीत गोट्यांखाली ते रेंगाळत असतं. म्हणून नदीत तेच अंडं सुमारे तीन अंश सेल्सियस आधीच गुदमरायला लागतं. तीन अंश! आम्ही ज्या रेघेला सुरक्षित म्हणत होतो तिच्या खालीसुद्धा अंडी मरत होती, आणि मी “मर्यादेत” लिहीत होते.

हा शोध वाचला त्या रात्री मी जुने अहवाल काढून बसले. माझ्या नावाचे. एकही आकडा चुकलेला नव्हता. बेरीज बरोबर, आलेख बरोबर. फक्त ती तांबडी रेघ दुसऱ्या कुणीतरी, वाहत्या पाण्याच्या तबकात मोजलेली, आणि मी ती नदीवर ठेवलेली. नदी कशी वाहते हे मला ठाऊक असूनही. भीमेच्या काठी वाढलेल्या मुलीला गोट्यांखालचं पाणी कसं असतं ते सांगावं लागतं का? पण ऑफिसात बसलं की माणूस हातापायांनी शिकलेलं विसरतो, हे मी माझ्यापुरतं सांगते.

आता रेघ खाली आली आहे. ५३.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १२ सेल्सियस. ऐकायला दीड अंशाचा फरक, पण त्यासाठी कितीतरी जास्त थंड पाणी लागतं, आणि दर वर्षी तेवढं नसतंच. मग निवड करावी लागते. सगळा उन्हाळा ओढाताणीने थोडं थोडं थंड ठेवायचं, की जास्तीत जास्त अंडी गोट्यांत असतात ते आठवडे धरून बाकीचे सोडून द्यायचे? मॉडेल रोजच्या पायरीने चालवलं की असे प्रश्न निदान विचारता येतात. महिन्याच्या सरासरीत ते दिसतच नव्हते. अंडं काही महिन्याच्या सरासरीने मरत नाही. वाईट आठवडा पुरतो.

तुमच्यातले बागायतदार एव्हाना मनात म्हणत असतील, माशासाठी शेतकऱ्याचं पाणी तोडलं. तोडलं, हे खोटं नाही. २०२२ मध्ये त्या जुन्या हक्कांच्या भातवाल्यांनाही ७५ च्या ऐवजी १८ टक्केच पाणी मिळालं, आणि कॅलिफोर्नियातला भाताचा पेरा निम्म्यावर आला. राइस मिल बंद, मजूर घरी, पाणथळ शेतात उतरणारे परदेशी पक्षीही उपाशी. मी त्या गावांतून गाडी चालवत गेले आहे. जूनमध्ये हिरवीगार असणारी खाचरं भेगाळलेली होती. वडिलांच्या वेळी कालव्याच्या शेपटाला आवर्तन पोहोचायचं नाही तेव्हा आमच्या चुलत्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं, तेच तिथल्या चेहऱ्यांवर होतं. त्यांना जाऊन मी काय सांगणार, की मॉडेलप्रमाणे योग्यच झालं?

पण एक गोष्ट मॉडेलने दाखवून दिली आणि ती दोन्ही बाजूंच्या कामाची आहे. पाणी किती, याइतकंच ते कधी, यालाही महत्त्व आहे. एप्रिल-मे मध्ये पाणी कमी सोडलं, तर उन्हाळ्याच्या तोंडावर तळं उंच राहतं आणि थंड साठा मोठा राहतो. तेच पाणी पुढे शेताला देता येतं, कारण मासळीला दिलेलं पाणी संपत नाही. अंड्यांवरून गेलं की ते खाली वाहत जाऊन भाताच्याच पाटात शिरतं. म्हणून वर्षभराचं एकूण पाणी तेवढंच ठेवून, पाळी पुढे सरकवून, दोघांचंही थोडं भागवता येतं. थोडंच. पेरणीचीही वेळ असते, ती फार सरकत नाही. आणि सप्टेंबरअखेर पुढच्या वर्षासाठी पुरेशी शिल्लक ठेवली नाही, तर कुठलीही हुशारी चालत नाही. आजीची कणगी आठवा. बियाण्याचं पोतं फोडलं की हिशेब संपला.

आता जरा वेगळं सांगते. माझे वडील एकदाच तिकडे आले होते. मी त्यांना मोठ्या अभिमानाने शास्ता दाखवायला नेलं. धरण बघून लोक म्हणतात, केवढं उंच, केवढं पाणी. दादा कठड्याला टेकून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “खाली कुणाची गावं आहेत?”

मला माहीत नव्हतं. दहा वर्षं मी त्या तळ्याचे थर मोजत होते, कुठल्या महिन्यात कुठला थर किती अंश ते तोंडपाठ होतं, आणि हे माहीत नव्हतं. तेही उजनीच्या धरणग्रस्ताच्या मुलीला. घरी येऊन वाचलं. खाली विनेमेम विंटू नावाच्या आदिवासी जमातीची गावं आहेत, मॅकक्लाउडच्या काठची. १९४१ मध्ये संसदेत कायदा करून जमीन घेतली. स्मशानातल्या अस्थी उकरून दुसरीकडे पुरल्या. सॅमन हा त्यांच्या लेखी नुसता खाण्याचा मासा नाही, त्यांच्या धर्माचा भाग आहे. २०१० मध्ये त्यांच्यातले काही जण थेट न्यूझीलंडला गेले, कारण शंभरेक वर्षांपूर्वी सॅक्रामेंटो खोऱ्यातून तिकडे अंडी नेली होती आणि त्यांचे वंशज तिथल्या राकाया नदीत अजून पोहतात. तिथे नदीकाठी त्यांनी माशासाठी विधी केला. आणि २०२२ च्या उन्हाळ्यात, या जमातीला सोबत घेऊन सरकारी खात्यांनी हिवाळी कळपाची सुमारे ४० हजार अंडी मॅकक्लाउडमध्ये नेऊन ठेवली. धरणाच्या वर, जुन्या झऱ्यांच्या पाण्यात. पिल्लं बाहेर आली. ती पकडून धरणाच्या खाली आणून सोडावी लागली, कारण अजून वाट नाही. पण ऐंशी वर्षांनी त्या पाण्यात तो मासा जन्मला.

दुसरीकडे शास्ताची उंची साडेअठरा फूट वाढवायचाही एक प्रस्ताव बरीच वर्षं फिरतो आहे. जास्त पाणी, जास्त थंड साठा, मासळीलाही फायदा, असा त्याचा युक्तिवाद. आकड्यांत तो अगदीच निराधार नाही. पण तसं केलं तर त्या लोकांच्या उरल्यासुरल्या पवित्र जागाही बुडतील. माझ्या मॉडेलमध्ये भाताची ओळ आहे, बदामाची आहे, विजेची, खाडीतल्या मिठाची, अंड्यांचीही आहे. त्या जागांची ओळ नाही, आणि ती कशी लिहायची ते मला येत नाही. कुणी तिला वजन देऊन टाकलं तर मला ते जास्तच वाईट वाटेल. मी बैठकीत एवढंच करते, की आलेख दाखवून झाला की सांगते, या आलेखात काय काय नाही. पूर्वी हे सांगत नव्हते. काही जणांना हे आवडत नाही, वेळ जातो म्हणतात.

दादांनी त्या दिवशी परतताना पलसदेवच्या देवळाची गोष्ट काढली. उजनी उतरली की शिखर वर येतं आणि लोक नावेने, मग चालत दर्शनाला जातात, हे तुम्हाला मी काय सांगायचं. आपल्याकडे पेपरात “उजनी वजा” अशी बातमी आली की शहरात काळजी वाटते, आणि धरणग्रस्तांच्या घरात त्याच दिवशी कुणीतरी म्हणतं, चला, जुनं गाव बघून येऊ. दादा गेले त्याला आता सहा वर्षं झाली.

शेवटचं. मागच्या वेळी आले होते तेव्हा एका वर्गमित्राने विचारलं, तुझं हे मॉडेल उजनीला लाव की. तसं उचलून लावता येणार नाही. शास्ता खोल आणि अरुंद आहे, उजनी पसरट आणि उथळ. तिथे सॅमन नाही, इथे वाम आणि मरळ आहे आणि भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग आहेत. उजनीचं पाणी मेमध्ये तळाला किती थंड असतं, हिवाळ्यात ते पुरतं मिसळतं का, तळाला प्राणवायू राहतो का, हे आधी मोजायला हवं. मोजण्याआधी मॉडेल म्हणजे मी ओढायचे तशी तांबडी रेघ.

म्हणून मी एक छोटी वस्तू आणली आहे, ती सकाळी मुख्याध्यापकांच्या स्वाधीन केली. पाण्यातलं तापमान मोजणारा एक साधा सेन्सर आहे आणि पंचवीस मीटर दोरी. दर मीटरला गाठ मारली आहे, पाच-पाच मीटरला लाल चिंधी बांधली आहे. आपल्यातल्या एकाची नाव आहे आणि त्याने ती द्यायचं कबूल केलं आहे. नववीची मुलं महिन्यातून एकदा विज्ञानाच्या बाईंबरोबर जातील, लाइफ जॅकेट घालून, बाई, हे मी पुन्हा सांगते. आणि गाठीगाठीला थांबून आकडा वहीत लिहितील. सेन्सर आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते बघायचं. २०१५ नंतर ती सवय मला लागली आहे. पहिली नोंद पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता. मी तोवर इथेच आहे, ज्यांना यायचंय त्यांनी घाटावर भेटा.